अण्णांची भिशी भरलेली आहे, जागा रिकामी आहे

खटावकर
नमस्कार मंडळी. मी इथं वाचनमात्रच असतो, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा पौषात गेले. वय झालं होतं, दुखणं असं काही नाही. रात्री हरिपाठ झाला, दूधभात खाल्ला, धाकट्या नातवाला पत्त्यांत लबाडी करून हरवलं आणि पहाटे उठलेच नाहीत. आई म्हणते शेवटचा डावसुद्धा चोरूनच जिंकला माणूस.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. गळ्यात माळ लहानपणापासून, एकादशी कधी चुकवली नाही, पण पायी वारी मात्र नोकरी असेपर्यंत जमलीच नाही. कारण साधं आहे, आषाढी आली की सगळीकडून पंढरपूरला जादा गाड्या सुटतात, म्हणजे ह्यांना ज्या दिवसांत रजा पाहिजे नेमक्या त्याच दिवसांत रजा बंद. मग अण्णांची वारी म्हणजे यात्रा स्पेशल. गाडी यात्रेपुरत्या स्टँडला लागली, ड्रायव्हर आडवा झाला, की हे कळसाचं दर्शन घेऊन परत हजर. दर्शनाच्या रांगेत उभं राहायला वेळ कुठला. पण रुबाब असा की "पायी जाणारा एकटा जातोय, मी एका खेपेला गाडीभर माणूस पांडुरंगाच्या दारात उतरवतो, सांगा पुण्य कुणाचं जास्त?" गाडीत तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दांड्यावर वाजवत भजन धरायचे आणि गर्दी झाली की "पुढं सरका माऊली, मागं अख्खी दिंडी उभी हाय". गाडीत दोन माणसं भांडायला लागली की दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहायचे आणि एकाच्या हातात टाळ द्यायचे. टाळ हातात असला की माणसाला शिवी देता येत नाही म्हणे, दोन्ही हात अडकतात ना.

रिटायर झाले आणि पुढच्याच ज्येष्ठात आळंदीला. तेव्हापासून दरवर्षी. फुगडीचा नाद इतका की बंदोबस्तातल्या पोलिसालासुद्धा सोडत नव्हते. एक वर्षी एका हवालदाराबरोबर घातलेल्या फुगडीचा फोटो कुणीतरी मोबाइलवर काढून पाठवला, त्यात हवालदाराची टोपी उडालीये आणि अण्णांचं धोतर सुटायच्या बेतात. तो फोटो आईनं फ्रेम करून लावू दिला नाही.

आता मुद्द्यावर येतो. अण्णांनी दिंडीतली ह्या वर्षाची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखाण-मुक्कामाचे पैसे, कार्तिकीलाच भरून ठेवली होती. परवा दिंडीतनं फोन आला, "तुमच्या अण्णांची जागा आहे, पैसे परत पाठवू का तुम्ही येताय?" मी पिंपरीला कंपनीत आहे, माळ नाही, हरिपाठ अर्धामुर्धा पाठ, आणि खरं सांगायचं तर देवाधर्माचं मला फारसं काही नाही. रजा मिळून मिळून आठवडा मिळेल. आई म्हणते जा, बायको म्हणते तुझे गुडघे बघ आधी. काय करू? आणि तुमच्याही घरात असे कुणी असतील तर लिहा, वाचायला बरं वाटेल.

नीरा_डावा_कालवा
जा. बाकी चर्चा नंतर.

सासवडची_सून
खटावकर, वाचून डोळ्यात पाणी आणि हसू दोन्ही. आमच्या घरी दरवर्षी पन्नासेक माणूस ओट्यावर, अंगणात, गच्चीवर असतं. सासवडला माऊलींचा मुक्काम दोन रात्रींचा, आणि पुण्याहून येतानाचा टप्पा सगळ्यात लांब, तीस-बत्तीस किलोमीटर, वर दिवेघाट. घाट चढून आलेली माणसं बघितली की कळतं पाय म्हणजे काय असतात ते. आम्ही गरम पाण्यात मीठ घालून पातेली तयार ठेवतो. तर अशी एक-दोन म्हातारी माणसं दर वर्षी असतातच, पायाला फोड आलेले पण तोंड गप्प नाही, आमच्या सासूबाईंना म्हणतात "माऊली पाणी गरम आहे, आता ह्यात भाजी टाका, पायाची चव लागेल". तुमचे अण्णा त्यातलेच वाटतात मला.

आठवडाच असेल तर पुण्याहून सासवड करू नका हो एकदम. सवय नसलेला माणूस पहिल्याच दिवशी आडवा होतो आणि मग टेंपोत सामानाबरोबर बसून जातो.

तिरकट
सगळे गोड लिहितायत म्हणून जरा कडू लिहितो. माझे आजोबा पण वारकरी, पण वारीची वेळ बघा, ज्येष्ठ-आषाढ. मृगाचा पाऊस पडलेला, पेरणी तोंडावर, आणि घरचा कर्ता पुरुष टाळ घेऊन महिनाभर बाहेर. आजीनं सहा एकराची पेरणी भावाला हातापाया पडून करून घ्यायची. आजोबा परत आले की गावभर पाया पडायला रांग, आजीच्या पाया पडायला कुणी आलं नाही. माणूस फार गमत्या होता, आम्हा नातवंडांना जीव लावला, ते नाकारत नाही. पण गमत्या माणसाच्या घरात कुणीतरी एकजण गंभीर राहतो म्हणून त्याला गमती सुचतात. तुमच्या आईंना विचारा एकदा, "जा" का म्हणतायत.

मृदंगमणी
@तिरकट, मान्य आहे पण सरसकट नाही. आमच्या भागात बरेचजण पेरणी उरकून निघतात आणि नाही उरकली तर भावकी करते. शिवाय वारीत बायका काय कमी असतात का, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या बघा.

तिरकट
भावकी करते!! कुठल्या गावची भावकी सांगा, तिथं जमीन घेतो.

परदेशी_पाखरू
@तिरकट हाहा.
खटावकर, अजून लिहा ना अण्णांबद्दल. इकडे न्यू जर्सीत बसून वाचतेय, माझे बाबा गेले तेव्हा विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. व्हिडिओ कॉलवर दहावा बघितला.

खटावकर
@तिरकट, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली "बरोबर लिवलंय पोरानं". एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

@परदेशी_पाखरू, अण्णांचा आवडता किस्सा सांगतो. फलटणच्या मुक्कामाला अण्णांची कवळी हरवली. रात्री पेल्यात काढून ठेवलेली, सकाळी तंबू हलला, पेला कुणी उचलला कुणाला ठाऊक. दिवसभर अण्णा फक्त पातळ पिठलं आणि चहा. संध्याकाळी समाजआरतीला सापडलेल्या वस्तू पुकारल्या, एक पिशवी, एक चष्मा, एक मोबाइल, एक कवळी. अण्णा पुढं. तिथल्या माणसानं विचारलं, "बाबा, खूण सांगा". अण्णा म्हणाले "खून कछली, घालूनछ दाखवतो", घातली आणि स्वच्छ खणखणीत "पुंडलिक वरदे हाऽऽरि विठ्ठल". सगळा तळ हसला म्हणे.

परदेशी_पाखरू
😂😂 समाजआरती म्हणजे काय पण? आणि हरवलेल्या वस्तू आरतीत?

मृदंगमणी
@परदेशी_पाखरू, मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ चालू असतो. मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात, आणि हजारो टाळ एका क्षणात बंद. खरंच एका क्षणात, तिथं उभं राहिल्याशिवाय विश्वास बसणार नाही. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, वाटेत कुणी मध्ये घुसलं वगैरे, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात, निवाडा होतो, मग टाळ बंद. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्याची निघायची वेळ, आणि मग आरती. हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेली शिस्त आहे सोहळ्याची. रथाच्या पुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रम ठरलेला.

कवळी मात्र मी पण पहिल्यांदाच ऐकली. चष्मे ढिगानं असतात.

परदेशी_पाखरू
म्हणजे तक्रार करायची तर टाळ वाजवायचे! आमच्या ऑफिसात हे पाहिजे.

कोरेगावची_ताई
नमस्कार. मी खटावकरांची मोठी बहीण. भाच्यानं लिंक पाठवली म्हणून खास आयडी काढलाय.

तो कवळीचा किस्सा फलटणचा नाही. मला अण्णांनी नातेपुत्याचा म्हणून सांगितला होता आणि माझ्या मुलाला वाल्ह्याचा. वर आणखी, दिंडीतले एक अप्पा दहाव्याला आले होते, ते म्हणाले कवळी त्यांची होती!! अण्णांनी फक्त शोधून दिली. आता बोला.

खटावकर
ताई तू इथं कशाला आलीस 🙏

कोरेगावची_ताई
खरं सांगायला. आणि तू आईचं काही लिहिलंच नाहीस, तिरकटभाऊ विचारतायत तरी. मी लिहिते.

अण्णा वारीला जायला लागले तेव्हा आईनं तीन-चार वर्षं काही बोललं नाही. मग एका वर्षी, अण्णांची पिशवी भरून झालेली, धोतरं इस्त्री, टाळाला नवी दोरी, आणि आदल्या रात्री आई म्हणाली "यंदा मी जाणार. तुम्ही घरी ऱ्हावा." अण्णांना वाटलं गंमत करतीये. सकाळी बघतात तर आईची पिशवी त्यांच्या आधी ओट्यावर. एक म्हैस, एक पाडी, दोन नातवंडं आणि कांद्याची रोपं अण्णांच्या गळ्यात टाकून ती गेली. शेजारच्या काकूंबरोबर, थेट पंढरपूरपर्यंत.

अण्णांनी नातवंडांना तिन्ही त्रिकाळ पोहे घातले. सकाळी पोहे, दुपारी दहीपोहे, रात्री दूधपोहे. माझा मुलगा अजून पोह्यांकडे बघत नाही. म्हैस अण्णांना धार देईना, तिला आईचा हात माहीत. मग ह्यांनी काय करावं, आईचं लुगडं डोक्यावरनं पदर घेऊन नेसले आणि गोठ्यात बसले! म्हशीनं दिली की धार. गावात बातमी पसरली, माणसं बघायला यायला लागली. अण्णा धार काढता काढता पदर सावरत म्हणायचे "विठ्ठल जनाबाईबरोबर दळायला बसला, मला म्हशीखाली बसवलाय". आई परत आली तेव्हा वेशीत जाऊन सगळ्यांच्या देखत तिच्या पाया पडले. ती ओरडली, "अवो लाज धरा", तर म्हणे वारकऱ्याच्या पाया पडायचं असतं, बाईमाणूस-बाप्यामाणूस नसतं त्यात. पुढच्या वर्षीपासून दोघं आळीपाळीनं. एक वर्ष तू, एक वर्ष मी. त्यामुळे "दरवर्षी" हे भाऊरायांचं तुम्ही जरा कमी करून वाचा.

तिरकट
कोरेगावच्या ताई, साष्टांग. तुमच्या आईंना माझा पण नमस्कार सांगा, आणि अण्णांना पण, लुगड्यासाठी. माझ्या आजोबांना हे कुणी सुचवायला पाहिजे होतं.

वसईवाली
मी कॅथलिक, वसईची, पण धागा वाचून राहवलं नाही. आमचे पप्पा म्हणजे माझे आजोबा असेच. रोज संध्याकाळी सगळ्या घरानं गुडघ्यावर बसून रोझरी म्हणायची, पाहुणा असला तरी सुटका नाही. आम्ही पोरं दमून डुलक्या काढायचो. पप्पा डोळे मिटून प्रार्थना म्हणताहेत असं वाटायचं आणि मधेच त्याच चालीत, तोच आवाज ठेवून, "डुलक्या घेणाऱ्याला आज केळी नाहीत" असं म्हणायचे आणि पुढची प्रार्थना चालू. आजी चिडायची, प्रार्थनेत कसली थट्टा. ते म्हणायचे देवाने केळी पण केली आहेत.

२ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत जातो, मेणबत्त्या, फुलं. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावानं पप्पांच्या कबरीवर केळ्याचा घड नेऊन ठेवला. फादर बघत होते, काही बोलले नाहीत. नंतर एक केळं खाल्लं त्यांनी!

नीरा_डावा_कालवा
केळ्याचा घड 😄 भारी.

खटावकर
@वसईवाली फार आवडलं. अण्णांना भेटायला पाहिजे होते तुमचे पप्पा, दोघांनी मिळून गाव विकलं असतं.

ताईनं भांडं फोडलंच आहे तर २०२० चं पण सांगून टाकतो, त्या वर्षी पाळी अण्णांची होती. करोना, वारी बंद. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. हे आमच्या घरात पहिल्यांदाच, म्हणजे डॉक्टरला दाखवू का असं वाटलं. आम्ही सगळे लॉकडाऊनमुळे गावीच अडकलेलो, पोरं दिवसभर घरात. मग माझ्या मुलीनं खडू घेतला आणि तुळशीपाशी लिहिलं आळंदी. ओसरीला पुणे. गच्चीचा जिना दिवेघाट. माडीवर सासवड, आणि जेजुरी धान्याच्या खोलीत, कारण तिथं हळदीचा डबा, भंडारा म्हणून. हौदाला नीरा. गोठा म्हणजे फलटण का, तर म्हणे तिथं मुक्काम मोठा असतो आणि म्हशीचा पण असतो. देवघर पंढरपूर, पण तिथं एकादशीपर्यंत कुणी जायचं नाही अशी अट.

मग काय, म्हातारा उठला. रोज पहाटे आंघोळ, माळ, गंध, बुक्का, धोतर, फेटा, आणि त्या दिवशी पालखी कुठून कुठं असती ते कॅलेंडरवरनं बघून घरात तेवढी चाल. दिवेघाटाच्या दिवशी जिना किती वेळा चढले मोजलं नाही, आई खालून ओरडतीये गुडघे जातील आणि हे वरनं "माऊलीचा रथ वर घ्यायला बैलजोड्या वाढवा" म्हणून पोरांना जुंपतायत. हौदावर नीरास्नान म्हणून देवघरातल्या पितळी पादुका बुडवल्या आणि नंतर पोरांना बुडवलं. हौद ओलांडला की "आला आपला सातारा जिल्हा, आता जेवण चांगलं मिळंल". चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा पळतो, तर शेजारचं शिंगरू आणायचं ठरलं, ते आलं नाही, मग कुत्रं पळवलं. सदाशिवनगरच्या गोल रिंगणाला परत कुत्रं. पोरांनी त्याच्या पायाखालची माती कपाळाला लावली. अण्णांनी पण लावली, अगदी मनापासून, हसतच लावली पण डोळे भरलेले. मी समोर उभा होतो.

आणि दशमीला टीव्हीवर दाखवलं, माऊलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतनं पंढरपूरला निघाल्यात. अण्णा उठून उभे राहिले. कंडक्टर माणूस हो. हात जोडले आणि म्हणाले, "माऊलीला बी शेवटी यष्टीच लागली." जरा वेळ गप्प. मग म्हणतात, "डबल बेल कुणी दिली रं? नीट दिली का?" पोरं हसून लोळायला लागली आणि अण्णा मात्र टीव्हीला चिकटून, गाडी वळणावर कशी घेतोय, दार नीट लागलंय का, सगळं बघतायत. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बसले नाहीत.

२०२२ ला वारी परत चालू झाली तेव्हा पुन्हा चालत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि २०२३ च्या मार्चमध्ये बायकांना अर्धं तिकीट. अण्णांनी हिशोब केला, "आता आमी दोघं नवरा-बायकू मिळून अर्ध्या तिकिटात". कंडक्टरनं नुसतं शून्य रुपयाचं तिकीट फाडलं की त्याला थांबवून विचारायचे, "हे चेकरला दाखवायचं का देवाला?" अर्धा तालुका फिरले असतील उगीचच.

कोरेगावची_ताई
हे सगळं खरं आहे. कुत्र्याचं पण.

मृदंगमणी
@खटावकर, माऊलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला रिंगण संपलं की लोक तुटून पडतात. ते अश्व अंकलीहून शितोळे सरकारांचे येतात, त्यातल्या माऊलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. कुत्र्यावर पण कुणी बसलं नसेल अशी आशा.

खटावकर
धाकटा बसायला बघत होता. कुत्र्यानं नकार दिला.

सासवडची_सून
आता सल्ला घ्या. तुम्ही खटावचे, लोणंद तुम्हाला जवळ. लोणंदला दिंडी गाठा, तिथून तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते असं करा. मधे चांदोबाच्या लिंबाचं रिंगण मिळेल. टप्पे बरे आहेत, रस्ता सपाट, आणि गुडघे बोलायला लागले तर गावी परतायला गाडी मिळते. नवीन बूट अजिबात घेऊ नका. जुनी, पायाला बसलेली चप्पल. मोज्यात पाय ओला राहिला की फोड आलाच. एक प्लास्टिकचा कागद, एक चादर, बॅटरी, आणि औषधं खिशात ठेवा, टेंपोत नाही, टेंपो पुढं निघून जातो.

मृदंगमणी
+१. आणि हरिपाठ अर्धा येतो म्हणताय, चालतंय. पहिल्या दिवशी ओठ हलवा, तिसऱ्या दिवशी आपोआप येतो. शिवाय सगळेजण एकमेकांना माऊली म्हणतात, त्यामुळे नावं लक्षात ठेवायची भानगड नाही.

तिरकट
मी देव मानत नाही तरी सांगतो, जा. भिशीचे पैसे परत घेऊन तुम्ही करणार काय. पण एक प्रश्न, आळीपाळीच्या हिशोबानं यंदा पाळी कुणाची होती? अण्णांची की आईंची?

कोरेगावची_ताई
@तिरकट 😀 बरोबर पकडलंत. मी पण हाच विचार करत होते. हिशोबानं यंदा आईची. अण्णांनी भिशी भरली ती आईच्या नावानंच असणार. खटावकर, दिंडीवाल्यांना फोन कर आणि नाव कुणाचं आहे विचार.

खटावकर
आत्ताच फोन केला. भिशी दोघांची भरलीये. दोन जागा. दिंडीवाले म्हणाले अण्णा कार्तिकीला बोलले होते, "यंदा पोरं घर सांभाळतील, आमी दोघं बरोबर येतो". आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

आईला सांगितलं. तिनं विचारलं, दुसऱ्या जागेवर कोण येणार मग. मी म्हटलं मी येतो, लोणंदपासनं. तर म्हणते लोणंदपासनं कशाला, आळंदीपासनं मी एकटी चालू का?

नीरा_डावा_कालवा
झालं. रजेचा अर्ज टाका.

सासवडची_सून
मग आमच्याकडेच उतरा सासवडला. आईंना ओट्यावर नाही झोपवणार, आत खोली देते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय.

खटावकर
@सासवडची_सून व्यनि मिळाला, आभारी आहे. साहेबांशी उद्या बोलतो, सगळी रजा मिळणं अवघड दिसतंय, मग मधे दोन-तीन दिवस ताई येईल माझ्या जागी. ताई, वाचतीयेस ना?

कोरेगावची_ताई
वाचतीये. म्हैस कोण बघणार ते आधी ठरवा. तुझं लुगड्याचं माप घेऊ का?